कोल्हा: गोष्टीतला आणि ठाणे खाडीतला

ठाण्यात वन्यप्राण्यांचा विषय निघाला की लोक आधी येऊरच्या बिबट्याचं विचारतात. आज त्याला बाजूला ठेवू आणि कोल्ह्याकडे वळू. ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना, इकडे भांडुप-विक्रोळी आणि पलीकडे ऐरोली, खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात. खेकडे, मासे, उंदीर, पडलेली फळं आणि आपण टाकलेला कचरा, यावर त्यांचं भागतं.

आधी एक घोळ निस्तरू. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड, कोल्ह्यापेक्षा लहान चणीचं, माळरानावर राहणारं. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा त्यातल्या फॉक्सचा कोल्हा झाला आणि आंबट द्राक्षांचं खापर आपल्या कोल्ह्याच्या डोक्यावर फुटलं. आपली स्वतःची म्हण काय सांगते? कोल्हा काकडीला राजी. आता म्हणीचा रोख माणसांवर आहे, पण निरीक्षण खरं आहे. काकडी, कलिंगड, मका, ऊस, बोरं, सगळं तो खातो. ही म्हण पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली, तो रात्री काकडीच्या मळ्याची राखण करणारा असणार असं आम्हाला वाटतं.

पंचतंत्रातली निळ्या कोल्ह्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. निळीच्या पिंपात पडतो, जंगलाचा राजा होतो, आणि लांबून कोल्हेकुई ऐकू आल्यावर न राहवून स्वतःही ओरडतो. तिथेच पकडला जातो. यातला निळा रंग आपल्याला कल्पना वाटतो. पण डोंबिवलीहून शीळफाट्यामार्गे पनवेलकडे निघालं की तळोजा लागतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१७ मध्ये खरोखर निळे कुत्रे फिरत होते. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या पाण्यात ते उतरत होते. त्यांना कोणी राजा केलं नाही, एवढाच फरक. डोंबिवलीकरांना तर हे नवीन वाटायला नको. २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता त्यांनी पाहिलेला आहे.

गोष्टीतलं ओरडणं मात्र शंभर टक्के कोल्ह्याचं. कोल्हा एकांडा, कावेबाज असतो हा आपला समज. प्रत्यक्षात नर-मादीची जोडी वर्षानुवर्षं एकत्र राहते, आणि आधीच्या विणीतली मोठी पिल्लं कधीकधी धाकट्या भावंडांना सांभाळायला मागे थांबतात. तिन्हीसांजेला एकाने सूर लावला की घरचे बाकीचे त्यात सूर मिसळतात. ‘आम्ही इथे आहोत, ही हद्द आमची’ असा त्याचा अर्थ. शेजारचं कुटुंबही मग उत्तर देतं. कोल्ह्यांची मोजणी करणारे अभ्यासक याचाच उपयोग करतात. कोल्हेकुईचं रेकॉर्डिंग लावायचं, गप्प बसायचं आणि कुठून किती उत्तरं येतात ते टिपायचं. म्हणजे पंचतंत्रात निळ्या राजाला ज्याने उघडं पाडलं, त्याच युक्तीने आज खऱ्या कोल्ह्यांचा पत्ता लागतो.

सिंहाच्या दरबारातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे मंत्रीही असेच. मोठ्या शिकाऱ्याच्या मागे राहून उरलंसुरलं खाणारा कोल्हा जंगलात पाहिलेल्या माणसाला हे मंत्री सुचणं अवघड नाही. आपण त्याला लबाडी म्हणतो. वाघाच्या जेवणाजवळ जाऊन जिवंत परतायचं तर तेवढी सावधगिरी लागणारच.

एक दंतकथा मात्र कोल्ह्याच्या जिवावर उठलेली आहे. कोल्ह्याचं शिंग जवळ ठेवलं की पैसा येतो, खटला जिंकतो, वगैरे. अहो, कोल्हा हा कुत्र्याच्या कुळातला, त्याला शिंग कुठून येणार? बाजारात मिळतो तो कातडीचा केसाळ तुकडा, आणि त्यासाठी कोल्हे मारले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे, विकत घेणाऱ्यालाही तो लागू होतो. कोणी तुम्हाला असं शिंग दाखवलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता प्रश्न घेऊ.