आधी मीठ-लिंबू, मग जिलबी

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या नावनोंदणीसाठी मंडळाचे संकेतस्थळ करण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पहिल्याच आठवड्यात एका आजींचा फोन आला, "अरे, तुझं ते पान उघडतच नाही. नुसतं गोल गोल फिरतंय." डॉक्टरेट पाठीशी असूनही मला आधी ते खरे वाटले नाही. माझ्या घरी तर सगळे क्षणात उघडत होते!

मोजल्यावर उमगले. नोंदणीचा अर्ज, फोटोंचे दालन, खजिनदारांचे तक्ते, सारे ४ मेगाबाइटच्या एकाच फाइलमध्ये बांधलेले होते. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने ते उतरायला ३२ सेकंद लागतात. आजींना हवा होता फक्त अर्ज.

पंगतीत आपण आधी मीठ, लिंबू, वरणभात वाढतो. जिलबी मागाहून येते. इथेही तसेच. पत्त्यांची यादी सांभाळणाऱ्या राउटरमध्ये विभाग थेट जोडायचा नाही, 'या पत्त्यावर कोणी आले की अमुक फाइल आणा' एवढाच निरोप ठेवायचा. अँग्युलरमध्ये त्यासाठी 'लोडचिल्ड्रन' आहे, रिअ‍ॅक्टमध्ये २०१८ पासून 'लेझी'. तो निरोप पाहून बांधणीचे साधन त्या विभागाची वेगळी फाइल करते.

मी तसे केले, तरी मुख्य फाइल हलकी होईना! तारीख छापण्याचे एक चिमुकले फंक्शन मी खजिनदारांच्या विभागातून अर्जात साध्या 'इम्पोर्ट'ने ओढले होते, आणि त्याचे बोट धरून तो विभाग परत आत आला होता. (फाइल उशिरा येते म्हणून ती कुलपात असते असे मात्र नाही. कोणाला काय दिसावे ते सर्व्हरनेच तपासायला हवे.)

खरी फजिती पुढेच. नोंदणीच्या शेवटच्या संध्याकाळी शुद्धलेखनाची एक चूक सुधारून मी नवी आवृत्ती चढवली. या फाइलींच्या नावात मजकुरावरून काढलेली खूण असते. मजकूर बदलला की नाव बदलते. ज्यांच्याकडे पान आधीच उघडे होते, त्यांचे ब्राउझर जुन्या नावाने अर्ज मागू लागले, आणि ती फाइल तर मी पुसली होती. पडदा कोरा! त्यांत आजीही होत्या.

आता जुन्या फाइली महिनाभर ठेवतो. एखादी आलीच नाही, तर पान आपोआप नव्याने उघडते, पण एकदाच; नाहीतर ते फिरतच राहायचे. आजींची नोंदणी मी फोनवर लिहून घेतली. पैसे त्यांनी आरतीच्या दिवशी पाकिटातून आणून दिले, माझ्यासमोर दोनदा मोजून.