बोर्डाच्या नावावर खपलेले दोष

जून २००५मध्ये राज्य विद्युत मंडळाचं, म्हणजे एमएसईबीचं, विभाजन होऊन महावितरण जन्माला आली. त्याला वीस वर्षं उलटून गेली, पण भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर बिघाड अजून ‘बोर्डा’च्याच नावावर खपतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या डिस्प्लेवर ‘अंडरव्होल्टेज’ आलं की रीसेट. पुन्हा आलं की नवा ड्राइव्ह. पॅनेल उघडून मोजायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

ड्राइव्ह येण्याआधीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरच्या काळात सांगण्यासारखं फार नव्हतं. मोटर जळाली की ती रिवाइंडिंगवाल्याकडे जायची.

मेंटेनन्सवाल्यांचा कस लागला तो भारनियमनाच्या दशकात. वीज परतली की सगळ्या गाळ्यांतल्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि व्होल्टेज कोसळायचं. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या डीसी बसवर ५६०च्या आसपास व्होल्ट हवेत. ते साडेतीनशे-चारशेच्या घरात उतरले की ड्राइव्ह ट्रिप. स्टॅबिलायझर विकणाऱ्यांचं तेव्हा चांगलंच फावलं. त्यातला सर्वो हलेपर्यंत क्षणभराचा डिप येऊन गेलेला असतो, हे गिऱ्हाइकाला सांगतो कोण?

मुरलेला वायरमन मात्र लोडवर तिन्ही फेज मोजायचा. एक फेज गेली तरी मोटर रिकामी असताना बस जवळपास पूर्ण भरलेली दिसते. लोड आला की खचते. मग तो ढिले लग, काळवंडलेले कॉन्टॅक्ट आणि उडालेला फ्यूज शोधायचा. प्रीचार्ज रेझिस्टरला बायपास करणारा रिले ओढला नाही, तरी लक्षण तेच. मीटर ५६० दाखवतोय आणि डिस्प्ले ३८०, तर दोष सेन्सिंग सर्किटचा. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, म्हणून पॅनेलच्या पंख्याची जाळीही तोच साफ करायचा. सप्लाय बंद केल्यावर बस उतरेपर्यंत पाच-दहा मिनिटं हात न लावण्याची शिस्तही त्याच्याकडे होती.

ही माणसं निवृत्त झाली. दाराच्या आत अडकवलेली, रीडिंग टिपलेली त्यांची वही रद्दीत गेली. लॉगबुकात ‘एमएसईबी फॉल्ट’ एवढंच लिहून मोकळे होणारे सुपरवायझर मात्र मॅनेजर झाले. आता ऑटो-रीस्टार्टचं पॅरामीटर चालू करून विषय मिटवतात. डिपमध्ये मोटरच्या फिरत्या वजनातून बसला ऊर्जा देणारी सोय अनेक ड्राइव्हमध्ये असते. पण ती चालू करायला मॅन्युअल उघडावं लागतं.

त्यापेक्षा नवा ड्राइव्ह मागवणं सोपं. तोही आठवडाभरात ट्रिप होतो, कारण इनकमरचा लग तसाच ढिला असतो.