स्मृतीचा कॅमेरा की चित्रकाराचा हात?

2009 साली स्टीफन विल्टशायर या इंग्लिश चित्रकाराने हेलिकॉप्टरमधून न्यूयॉर्क शहरावर सुमारे वीस मिनिटे एक फेरी मारली. खाली उतरल्यावर ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूट या संस्थेत 18 फूट लांबीच्या कागदावर त्यांनी ते शहर पेनाने रेखाटायला घेतले. समोर फोटो नव्हता, टिपण नव्हते. गगनचुंबी इमारती, पूल, नदीचे काठ, सगळे आठवणीतून उतरत गेले. त्याआधी 2005 साली टोकियो शहराचे असेच दहा मीटर लांबीचे चित्र त्यांनी केले होते. विल्टशायर स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहेत. वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिले, ‘मानवी कॅमेरा’.

हे नाव कौतुकाने दिलेले आहे यात शंका नाही. पण जरा विचार करून पाहा. एखाद्या चित्रकाराला आपण ‘तुम्ही कॅमेरा आहात’ असे म्हटले, तर ती स्तुती होते का? कॅमेऱ्याला आवडनिवड नसते, शैली नसते, सरावाची गरज नसते. माणसाने आयुष्यभर कमावलेली कला त्याच्या हातातून काढून घ्यायची आणि ती एका ‘दोषा’च्या नावे जमा करायची, असा हा प्रकार आहे. स्वमग्न कलावंतांना अशा कौतुकाला वारंवार तोंड द्यावे लागते. शाळेत अशी मुले आपल्यासमोर येतात, म्हणून यामागचे विज्ञान शिक्षकांना ठाऊक असलेले बरे.

मुळात ‘स्वमग्नता’ हा शब्दच थोडा फसवा आहे. ग्रीक भाषेत ‘ऑटॉस’ म्हणजे स्वतः. त्यावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास ‘ऑटिझम’ हा शब्द वेगळ्याच एका मनोविकाराचे लक्षण सांगण्यासाठी घडवला. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तो उसना घेतला, आणि मराठीत त्याचे भाषांतर झाले. आता सहासात वर्षांचा स्टीफन पाहा. तो लंडनच्या इमारती आणि बसगाड्या काढण्यात तासन्‌तास गढलेला असे. मग्न तो होताच, पण ‘स्व’मध्ये मुळीच नव्हता! बाहेरच्या जगाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या मुलाला आपण ‘स्वतःत बुडालेला’ म्हणतो, कारण तो आपल्याकडे पाहत नाही. शब्द आता रूढ झाला आहे, तेव्हा आम्हीही तोच वापरतो. पण वापरताना एवढे लक्षात ठेवावे.

आता कॅमेऱ्याची गोष्ट तपासून पाहू. लंडनमध्ये बिआटे हर्मेलिन आणि नील ओकॉनर या मानसशास्त्रज्ञांनी 1980 नंतरच्या दशकात असामान्य चित्रकौशल्य असलेल्या स्वमग्न व्यक्तींवर प्रयोग केले. ही कौशल्ये केवळ दांडग्या स्मरणशक्तीतून येत असतील, तर पाहिलेली आकृती पुन्हा ओळखण्यातही या व्यक्ती इतरांच्या खूप पुढे असायला हव्यात. तसे आढळले नाही. ओळखण्यात त्या विशेष नव्हत्या. काढण्यात मात्र होत्या. म्हणजे जे असामान्य आहे ते डोळ्यांमागच्या एखाद्या फिल्मवर नसून पाहणे, मनात मांडणी करणे आणि हात चालवणे यांच्या साखळीत आहे. ऑलिव्हर सॅक्स या मज्जाविकारतज्ज्ञांनी विल्टशायर यांच्याबरोबर प्रवास केला आणि 1995 साली त्यावर विस्ताराने लिहिले. त्यांनाही दिसले, की ही चित्रे हुबेहूब नकला नसतात. काही वाढवलेले असते, काही गाळलेले असते, आणि रेषा पाहताक्षणी कोणाची ते ओळखू येते. शिवाय सराव आहेच. लहानपणापासून रोज चित्रे काढणाऱ्या या मुलाने पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्‌स कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले. हेलिकॉप्टरमधील वीस मिनिटे बातमीत येतात. त्याआधीची वीसपंचवीस वर्षे येत नाहीत.

मग स्वमग्नतेचा चित्रकलेशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो फार रंजक आहे. त्यासाठी आपल्यापैकी बहुतेकांना चित्र का जमत नाही, हे आधी पाहावे लागेल. वर्गातील मुलांना समोरचे टेबल काढायला सांगा. बरीच मुले टेबलाचा वरचा भाग सरळ आयत काढतील आणि चार पाय चार कोपऱ्यांना जोडतील. त्यांच्या जागेवरून दिसणारा आकार मात्र आयत नसतो. मागची कड आखूड दिसते, बाजू तिरप्या दिसतात. मुले डोळ्यांना दिसते ते काढत नाहीत, ‘टेबल आयताकृती असते’ हे ज्ञान काढतात. यात त्यांची चूक नाही. आपला मेंदू दृष्टिपटलावरील प्रतिमेत सतत दुरुस्त्या करत असतो. एक हात डोळ्यांजवळ आणि दुसरा लांब धरून पाहा. दृष्टिपटलावर एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तरी दोन्ही हात आपल्याला जवळजवळ सारखेच वाटतात. जगण्यासाठी ही दुरुस्ती अत्यंत उपयोगी आहे, चित्र काढायला बसले की ती आडवी येते. चित्रकलेच्या शिक्षणातला मोठा भाग म्हणजे ही दुरुस्ती तात्पुरती बाजूला ठेवायला शिकणे.

1980 नंतरच्या दशकात ऊटा फ्रिथ यांनी असे सुचवले, की स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत तुकड्यांवरून घाईने ‘एकूण अर्थ’ लावण्याची ओढ कमी असते. त्यांनी व अमिता शाह यांनी केलेला प्रयोग शाळेतही समजावून सांगता येईल. लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरच्या नक्षीसारखी नक्षी करायची. एकदा नक्षी सलग दाखवायची, एकदा तिचे चौकोन सुटे करून दाखवायची. सुटे करून दाखवल्यावर इतर मुलांचा वेग बराच वाढला. स्वमग्न मुलांचा फारसा वाढला नाही. का? कारण सलग नक्षी त्यांनी आधीच मनात सुटी करून पाहिलेली होती, आणि त्यांचा वेग पहिल्यापासूनच चांगला होता.

मात्र यावरून ‘त्यांना झाडे दिसतात, जंगल दिसतच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. फळ्यावर लहान लहान ‘क’ लिहून त्यांचा एक मोठा ‘म’ बनवा. अशा प्रकारच्या आकृत्यांवर पुढे झालेल्या प्रयोगांत दिसले, की ‘मोठे अक्षर सांगा’ असे स्पष्ट सांगितल्यावर स्वमग्न मुले ते व्यवस्थित सांगतात. फरक क्षमतेत कमी, आणि काही न सांगता नजर आधी कुठे जाते यात अधिक आहे. शिवाय अशी नजर असलेल्या सगळ्यांच्याच हातून चित्रे घडत नाहीत. नजर हे भांडवल झाले. त्याचे काय करायचे ते माणूस ठरवतो.

अमेरिकेतील जेसिका पार्क या चित्रकर्तीकडे पाहिले की हे नीट कळते. त्यांचा जन्म 1958 चा. त्यांच्या चित्रांतील घरे व पूल बारीकसारीक तपशिलांसह काटेकोर असतात, पण रंग मात्र वास्तवातील नव्हेत. भिंती, कमानी, खिडक्या इंद्रधनुष्यासारख्या छटांनी उजळलेल्या आणि अनेकदा वर रात्रीचे आकाश, त्यातले तारे आपापल्या जागी. कोणता कॅमेरा असे करील? त्यांची आई क्लारा पार्क यांनी आपल्या मुलीवर लिहिलेले पुस्तक 1967 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ब्रुनो बेटलहाइम यांचेही पुस्तक आले. आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हे त्यांचे म्हणणे तेव्हा फार गाजले. ते सपशेल चूक होते. 1977 साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या 21 जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या 11 पैकी 4 जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, द्विबीज जुळ्यांच्या 10 पैकी एकाही जोडीत नव्हती. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे पुढील संशोधनाने अधिकच पक्के झाले. दरम्यान किती आयांनी विनाकारण अपराधी म्हणून आयुष्य काढले असेल! आपल्याकडे अजूनही ‘आई नोकरी करते म्हणून’ असे कुजबुजले जाते, म्हणून हे इथे सांगितले.

दुसरा गैरसमज कल्पनाशक्तीचा. लोर्ना विंग यांनी 1979 साली जी लक्षणे एकत्र मांडली, त्यांत सामाजिक कल्पनेची, म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याची अटकळ बांधण्याची अडचण होती. सांगोवांगी त्यातला ‘सामाजिक’ गळून पडला आणि ‘यांना कल्पनाशक्तीच नसते’ एवढेच उरले. 2015 च्या एका अभ्यासात लोकांना वीट किंवा कागदाची पिन यांचे जमतील तितके उपयोग सुचवायला सांगितले होते. ज्यांच्यात स्वमग्नतेची वैशिष्ट्ये जास्त होती त्यांना उपयोग कमी सुचले, पण सुचले ते इतरांपेक्षा अधिक आगळे होते.

भावनांचेही तसेच. 1985 साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व ऊटा फ्रिथ यांनी बाहुल्यांच्या साहाय्याने एक चाचणी घेतली. सॅली बाहेर गेल्यावर तिची गोटी ॲन दुसरीकडे ठेवते. परत आल्यावर सॅली ती कुठे शोधेल? 20 स्वमग्न मुलांपैकी 16 जणांनी उत्तर चुकवले. दुसऱ्याचा समज आपल्यापेक्षा वेगळा असू शकतो हे चटकन लक्षात न येणे, एवढेच यातून दिसते. ‘त्यांना दुसऱ्याचे दुःख कळत नाही’ हे लोकांनी पुढे जोडले. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 2012 साली विचारले, की न समजण्याची ही भिंत दोन्ही बाजूंनी नाही का? आपल्याला तरी स्वमग्न माणसाचे मन कुठे कळते? मग 2020 साली एक प्रयोग झाला. कानगोष्टींच्या खेळासारखी एक गोष्ट माणसांच्या साखळीतून पुढे पाठवली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती सर्वसाधारण माणसांच्या साखळीइतकीच टिकली, मिश्र साखळीत अधिक लवकर विस्कटली. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच मोठ्या प्रयोगात मात्र तिन्ही साखळ्यांत फरक आढळला नाही. म्हणजे मिश्र साखळीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. स्वमग्न माणसे आपापसांत नीट संवाद साधतात, हे दोन्ही वेळा दिसले.

उलट्या दिशेचा गैरसमज चित्रपटांनी पसरवला. 1988 च्या ‘रेन मॅन’नंतर प्रत्येक स्वमग्न व्यक्तीत काहीतरी अचाट असणारच, असे लोकांना वाटू लागले. गंमत अशी, की ज्यांच्यावरून ते पात्र सुचले ते किम पीक स्वमग्न नव्हतेच. त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा जन्मतः नव्हता. आपल्याकडे ‘तारे जमीन पर’मधील ईशानला अनेकजण स्वमग्न समजतात. त्याला वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया आहे. 1978 साली बर्नार्ड रिमलँड यांनी पालकांकडून मिळवलेल्या माहितीत सुमारे दहापैकी एका स्वमग्न मुलात एखादे विशेष कौशल्य नोंदले गेले. नंतरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण याहून जास्त आले. कोणताही आकडा घेतला तरी बहुसंख्य मुले उरतातच. ‘तुमच्या मुलाला काय येते?’ या प्रश्नावर ‘विशेष काही नाही’ असे उत्तर द्यावे लागणाऱ्या पालकाची अवस्था आम्ही पाहिली आहे.

वर्गापुरते बोलायचे, तर दोन मुलांच्या हकिकती उपयोगी पडतील. पहिली इंग्लंडमधील नादिया. 1967 साली जन्मलेली ही मुलगी साडेतीन वर्षांची असल्यापासून बॉलपेनने घोडे काढू लागली, आणि तेही पळते, वळते, एखाद्या मुरलेल्या चित्रकाराने काढावेत असे. बोलत जवळजवळ नव्हती. लोर्ना सेल्फ यांचे तिच्यावरील पुस्तक 1977 साली आले. पुढे ती शाळेत जाऊ लागली, थोडी बोलू लागली, आणि चित्रे ओसरली. भाषेने कला खाल्ली, असे अनेकांनी हळहळून लिहिले. पण त्याच सुमारास तिची आई वारली होती, हे विसरून चालणार नाही. एका मुलीवरून असा नियम बांधता येत नाही.

कारण दुसरी हकिकत याच्या उलट आहे. स्टीफनही लहानपणी बोलत नव्हता. लंडनमधील त्याच्या क्वीन्समिल शाळेतील शिक्षकांनी त्याचे चित्रांचे साहित्य थोडा वेळ काढून घेतले, म्हणजे मागण्यासाठी तरी तो तोंड उघडेल. त्याचा पहिला शब्द होता ‘पेपर’. नऊ वर्षांचा होईतो तो चांगला बोलू लागला आणि चित्रे वाढतच गेली. ही गोष्ट शिक्षणाची युक्ती म्हणून नेहमी सांगितली जाते. आम्हांला मात्र कागद काढून घेण्यापेक्षा, मुलाला सर्वांत जास्त हवे ते काय आहे हे त्या शिक्षकांनी ओळखले होते, ही गोष्ट मोठी वाटते. जे मूल हिसकावून घेतल्यावर घाबरून गप्प होईल, त्याच्यावर ही युक्ती करू नये.

2016 च्या कायद्याने आपल्याकडे स्वमग्नतेचा 21 प्रकारच्या अपंगत्वांत समावेश झाला आहे आणि अशी मुले सर्वसाधारण शाळांत येत आहेत. त्यांतले एखादे वहीच्या शेवटच्या पानावर एसटीची गाडी किंवा शाळेचा जिना पुन्हा पुन्हा काढत बसलेले दिसेल. ती वही स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर धरून ‘बघा, एकदा पाहिले की झाले!’ असे सांगण्याची घाई करू नये, आणि गणिताच्या तासाला हिसकावूही नये. शेजारी बसून चित्राबद्दलच विचारावे: जिन्याला कठडा एकाच बाजूला का काढलास? उत्तराला वेळ लागेल. कदाचित ते शब्दांत येणार नाही, पुढच्या चित्रात येईल.