नवा मॅनेजर आणि चाहत्यांची घाई

पाठीवर ११ हा आकडा आणि ‘सालाह’ हे नाव असलेली लाल जर्सी आपल्या घरात असेल, तर ती घालणाऱ्या मुलाला २६ जानेवारी २०२४ या दिवसाबद्दल विचारून पाहा. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, आणि वारही शुक्रवार. त्या दिवशी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचे मॅनेजर युर्गेन क्लॉप यांनी जाहीर केले की हा हंगाम संपला की आपण जाणार. अंगातली ऊर्जा संपत चालली आहे, असे कारण त्यांनी दिले. मुलगा त्या रात्री नीट जेवला नसेल, तर आता कारण कळेल.

इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कचेरीतला साहेब नव्हे. अकरा जण कोण, कोणाला बाकावर बसवायचे, खेळायचे कसे, हे तो ठरवतो. हरल्यावर उत्तरेही त्यालाच द्यावी लागतात. क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये आले. त्यांच्या काळात २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग मिळाली आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडचे लीग विजेतेपद. असा माणूस जातो म्हटल्यावर पहिला प्रश्न आलाच, आता कोण?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते, शाबी अलोन्सो. २००५ मध्ये इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात एसी मिलानविरुद्ध बरोबरीचा तिसरा गोल करणारा हा स्पॅनिश खेळाडू आता प्रशिक्षक झाला होता, आणि त्याचा बायर लेव्हरकुसेन संघ जर्मनीत एकही लीग सामना न हरता विजेतेपदाकडे निघाला होता. घरचा माणूस, वर यशस्वी. पण मार्चअखेर अलोन्सोने सांगितले की आपण लेव्हरकुसेनलाच राहणार. मग पोर्तुगालमधल्या रुबेन अमोरिम यांचे नाव निघाले आणि मागे पडले. शेवटी नाव आले ते नेदरलँड्सच्या आर्ने स्लॉट यांचे.

चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे होते की डच लीग इंग्लंडच्या मानाने हलकी आहे. तिथूनच आलेल्या एरिक टेन हाग यांचा मँचेस्टर युनायटेडमध्ये काय हाल चालला आहे ते बघा! मोठ्या पाच लीगपैकी एकाही ठिकाणी स्लॉट यांनी काम केलेले नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की मोठ्या क्लबांच्या मानाने थोड्या पैशात त्यांनी फेयेनूर्दला २०२३ मध्ये देशाचा विजेता केले, २०२४ मध्ये तिथला कप मिळवून दिला, आणि त्यांचा संघ पुढे जाऊन खेळतो. त्यात भर पडली २७ एप्रिल २०२४ च्या प्रसंगाची. वेस्ट हॅमविरुद्ध बदली म्हणून मैदानात उतरताना सालाह आणि क्लॉप यांची सीमारेषेवर सर्वांसमोर खटकाखटकी झाली. मॅनेजर जाणार, सालाहचाही करार एका वर्षावर आलेला. आता सगळेच विस्कटणार, अशी धास्ती अनेकांनी घेतली.

मत आहे, मतदान नाही

या चर्चेत चाहत्यांचा अधिकार किती, हेही पाहिले पाहिजे. लिव्हरपूलचे चाहते संघटित आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिकीट ७७ पौंडांपर्यंत नेण्याचा बेत कळताच सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर गेले, आणि मालकांनी काही दिवसांतच माघार घेतली. पण मॅनेजरच्या नेमणुकीत त्यांना मत नाही. तो निर्णय मालक आणि त्यांचे अधिकारी घेतात. म्हणजे चाहत्यांच्या हाती एकच गोष्ट उरते. आलेल्या माणसाचे स्वागत कसे करायचे, ते.

इथे क्लॉप यांनी जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९ मे २०२४ रोजी अ‍ॅनफिल्ड मैदानावर त्यांचा निरोप समारंभ होता. हजारो डोळे पाणावले होते. त्या वेळी हातात माइक घेऊन त्यांनी स्वतःचे नव्हे, तर स्लॉट यांचे नाव गाण्याच्या चालीवर म्हणायला सुरुवात केली आणि सगळे मैदान आपल्यामागे म्हणायला लावले. स्लॉट यांची नेमणूक तेव्हा अजून अधिकृतपणे जाहीरही झाली नव्हती.

मात्र जाणाऱ्याने पाठ थोपटली की सगळे सुरळीत होते, असेही नाही. मे २०१३ मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी २६ वर्षांहून अधिक काळानंतर मँचेस्टर युनायटेडचा निरोप घेतला, तेव्हा त्यांनीही प्रेक्षकांना नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहायला सांगितले होते. डेव्हिड मॉयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला. मार्च २०१४ मध्ये त्यांना हटवण्याची मागणी करणारा फलक विमानाला बांधून मैदानावरून फिरवला गेला, आणि एप्रिलमध्ये, अवघ्या दहा महिन्यांत, त्यांना काढले. आदल्या वर्षीचा विजेता संघ सातव्या क्रमांकावर आला. सदिच्छा लागते, पण निकालही लागतात.

उत्तर कामातून

स्लॉट यांनी पहिले तीन लीग सामने जिंकले. चौथा घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून हरले आणि शंकाखोरांना बळ आले. त्या हंगामासाठी संघात नवा असा एकच खेळाडू आला होता, इटलीचा फेदेरिको किएझा. मध्यफळीसाठी हवा असलेला स्पॅनिश खेळाडू मार्टिन सुबिमेंदी यायला तयार झाला नाही. तेव्हा स्लॉट यांनी घरात होता त्याच रायन ग्रावेनबर्खला ती जागा दिली. क्लॉप यांच्या शेवटच्या हंगामात ज्याला पक्की जागा मिळत नव्हती, तोच संघाचा कणा ठरला.

२७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ ने हरवून लिव्हरपूलने चार सामने बाकी असतानाच विसावे लीग विजेतेपद मिळवले. वेस्ट हॅमच्या खटकाखटकीला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. सालाहने त्या हंगामात लीगमध्ये २९ गोल केले, १८ गोलांना साहाय्य केले, आणि दोन वर्षांचा नवा करारही केला.

गोष्ट इथे संपली असती तर सोपे होते. ३ जुलै २०२५ रोजी संघाचा खेळाडू दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ मोटार अपघातात गेले. त्याच उन्हाळ्यात विक्रमी रक्कम मोजून नवे खेळाडू घेतले गेले, आणि शरद ऋतूत पराभवांची रांग लागली. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅनफिल्डवरच फॉरेस्टकडून ०-३ आणि लगेच पीएसव्हीकडून १-४. विजेतेपदाला सात महिनेही झाले नव्हते, आणि स्लॉट राहावेत की जावेत, हा वाद पुन्हा पेटला. ज्यांच्या सोबत्याचा जनाजा नुकताच उठला, ती मुले कोणत्या मनाने खेळत असतील, हे गुणतक्त्यात कुठे लिहिलेले नसते.

म्हणून घरात हा वाद रंगला तर मुलांना गप्प करू नका. मशवरा, चर्चा, मतभेद, यातूनच विचार करायची सवय लागते. फक्त दोन प्रश्न विचारा. तुझी नाराजी या माणसाच्या कामावर आहे, की तो आधीचा माणूस नाही यावर? आणि त्याला काम दाखवायला पुरेसा वेळ मिळाला का? २०२४ च्या मे महिन्यात स्लॉट यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्यांचा एकही सामना पाहिलेला नसेल. त्यांचा राग खरे तर क्लॉप गेल्याचा होता.

शाळेत नवे मुख्याध्यापक येतात, मशिदीत नवे इमामसाहेब येतात, घरात नवी सून येते. तिथेही आपण पहिल्या आठवड्यातच तुलना सुरू करतो. जुन्या माणसाची आठवण काढण्यात गैर काही नाही. पण मुलगा टीव्हीसमोर बसून ‘याला काढा’ म्हणत असेल, तर ती घाई तो कुठून शिकला, हेही आपण मोठ्यांनी एकदा बघायला हवे.