पस्तिसाव्या हिश्श्याचा सेंच्युरियन

सेंच्युरियन रणगाड्याचे धड, तोफेची नळी सोडून, सुमारे साडेसात मीटर लांब आहे. पस्तीसने भागले की साडेएकवीस सेंटिमीटर. रुंदी ३.३९ मीटर, तिचे पावणेदहा सेंटिमीटर होतात. पन्नास टनांहून जड यंत्र एका हातात धरता येते. हे सगळे भागाकार किट बनवणाऱ्या कंपनीने आधीच केलेले असतात. दोन गोष्टींचा भागाकार मात्र तिलाही करता येत नाही. एक म्हणजे पत्र्याची जाडी, कारण साच्यात प्लास्टिक एका मर्यादेपेक्षा पातळ उतरत नाही. दुसरी म्हणजे प्रकाश. खिडकीतून येणारे ऊन खऱ्या रणगाड्यावर पडते तेवढेच आणि तसेच या मॉडेलवर पडते. बांधणीतली निम्मी मेहनत पहिल्या अडचणीसाठी असते आणि रंगकामातली जवळजवळ सगळी दुसऱ्या अडचणीसाठी. हे एकदा लक्षात आले की पुढची प्रत्येक पायरी का करायची, ते आपोआप कळत जाते.

उदाहरणाला सेंच्युरियनच घेण्याचे कारण आहे. १९७१ च्या १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यात लढताना पडले, तो सेंच्युरियनच होता. १९६५ मध्ये फिलोरा-चविंडाच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी ज्या रेजिमेंटचे नेतृत्व केले ती खेत्रपालांचीच रेजिमेंट, पूना हॉर्स, आणि तेव्हाचे तिचे रणगाडेही सेंच्युरियन. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. या रेजिमेंटची मुळे १८१७ च्या पुण्यात आहेत. शिवाय अहिल्यानगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन समोर उभा राहून पाहता येतो. मॉडेल करणाऱ्यासाठी याहून मोठी सोय नाही. फोटोत आकार दिसतो, पण पृष्ठभाग कळायला वस्तू समोरच हवी.

१/३५ हे प्रमाण आले कुठून, तेही सांगायला हवे. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा बाजारात आणला. त्याच्या पोटात बॅटऱ्या आणि मोटर मावली पाहिजे, या हिशेबाने आकार ठरला. नंतर मोजले तर तो खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास भरला. पुढे कंपनीने तेच प्रमाण चालू ठेवले, इतरांनीही उचलले, आणि आज रणगाड्यांच्या मॉडेलचे ते सर्वांत रूढ प्रमाण आहे.

किट उघडले की प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो भाग मिळतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. भाग हाताने पिळून तोडायचा नाही. निपरने आधी जरा लांबून कापायचा, मग उरलेला कोंब भागाच्या अंगाबरोबर छाटायचा आणि शेवटी वॉटर पेपरने घासायचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर पुरतो. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर बारीक शिवण उमटलेली असते. चाके, तोफेची नळी, हँडल या गोल भागांवरची शिवण काढलीच पाहिजे. प्लास्टिकवर ती दिसत नाही, पण रंग चढला की लगेच दिसते.

पॉलिस्टायरीनचे भाग जोडणारे पातळ सिमेंट म्हणजे खरे तर विद्रावक असतो. ते दोन्ही कडा विरघळवते आणि वाळताना त्या एकजीव करते. म्हणून भाग आधी कोरडे जुळवून पाहायचे, धरून ठेवायचे आणि सांध्याला ब्रशचे टोक फक्त टेकवायचे. सिमेंट फटीत स्वतःच धावते. पितळी पत्र्याच्या जाळ्या आणि पट्ट्या याने चिकटत नाहीत, त्यांना फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो. उरलेली फट लांबीने भरायची. गॅरेजवाले गाडीच्या पत्र्याला लावतात तीच कल्पना, फक्त इथे मॉडेलची बारीक लांबी घ्यावी.

आता जाडीकडे येऊ. या प्रमाणात १ मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे ३५ मिलिमीटर पोलाद. किटमधला मडगार्ड पाऊण मिलिमीटर जाड असला, तर खऱ्या रणगाड्यावर तो एक इंचाहून जाड पत्रा झाला. खरा मडगार्ड साध्या पातळ पत्र्याचा असतो. झाडाला घासला तर वाकतो, भिंतीला लागला तर मुडपतो. सेंच्युरियनला बाजूने चाकांभोवतीच्या पट्ट्यांवर झाकणासारखे पत्रे बसवलेले असतात, त्यांचीही तीच गत. यावर उपाय सोपा आहे. आपल्याला जाडी दिसते ती फक्त कडेवर, म्हणून मागच्या बाजूने कडा तिरपी तासून धारदार करायची. पत्रा मध्ये जाडच राहतो, पण डोळ्याला पातळ दिसतो. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, दोन्ही बाजूंना सामान ठेवायच्या पेट्या आहेत, त्याही पातळ पत्र्याच्या. त्यांच्या कोपऱ्यावर सुरीच्या पात्याने प्लास्टिक किंचित खरवडून एखादा पोचा पाडला की टरेटचे जाड पोलाद आणि पेटीचा पत्रा यांतला फरक लगेच उठून दिसतो.

टरेटचा पृष्ठभाग तर धडापेक्षा पूर्ण वेगळा. सेंच्युरियनचे धड लाटलेल्या पोलादी पाट्या जोडून केले आहे, ते सपाट आणि गुळगुळीत. टरेट मात्र ओतीव आहे आणि त्याचा माथा वेगळ्या पाट्यांचा, वितळजोड करून बसवलेला. ओतीव पोलाद खडबडीत असते, त्यावर वाळूच्या साच्याचे व्रण राहतात. संग्रहालयातल्या रणगाड्याजवळ उभे राहिले की रंगाचे थर चढूनही हा खडबडीतपणा सहज दिसतो. मॉडेलवर तो आणायला घट्ट द्रव प्रायमर जुन्या, ताठ केसांच्या ब्रशने टोचत टोचत लावायचा आणि वाळल्यावर वॉटर पेपर हलकेच फिरवून त्याची टोके मोडायची. माथ्यावर हे करायचे नाही. ओतीव भाग आणि लाटलेली पाटी जिथे मिळतात, तिथे जोडाची वळी उठून दिसली पाहिजे. माझ्या मते संपूर्ण बांधणीत इतक्या कमी श्रमात इतका फरक पाडणारे दुसरे काम नाही. बॉक्समधल्या भागांवर समाधान मानणारे पुष्कळ जण नेमके हेच सोडून देतात.

पट्ट्यांचा वरचा भाग सेंच्युरियनवर बाजूच्या पत्र्यांमागे लपतो, त्यामुळे तिथे रात्री जागवायची गरज नाही. खालचा पल्ला आणि पुढची-मागची वळणे तेवढी नीट बसवावीत.

बांधणी झाली की मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचे. बोटांचे तेल रंगाला धरू देत नाही. मग प्रायमर, आणि त्यावर एअरब्रशने रंग. अ‍ॅक्रिलिक रंग थिनरने दुधाइतका पातळ करावा, दाब १५ ते २० पीएसआयच्या दरम्यान ठेवावा आणि एका जाड थराऐवजी चारपाच विरळ थर द्यावेत. जाड थराने कष्टाने उठवलेले तपशील बुजतात. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये लॅकर रंग मारला तर तो पांढरट पडण्याची भीती असते. विद्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले बाष्प ओल्या रंगावर धरते. अशा दिवसांत सावकाश उडणारा थिनर वापरावा आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावावा. नाहीतर सरळ ऊन पडायची वाट पाहावी.

भारतीय रणगाड्याचा ऑलिव्ह ग्रीन बाटलीतून आहे तसा मारला, तर मॉडेल काळपट आणि मेलेले दिसते. इथे प्रकाशाचा प्रश्न येतो. खरा रणगाडा आपण काही अंतरावरून, मधल्या हवेतून पाहतो, त्यामुळे त्याचा रंग थोडा फिका होऊन पोचतो. शिवाय खऱ्या रणगाड्याचा माथा आभाळाचा उजेड घेतो आणि कडेच्या खालच्या भागात सावली साचते. मॉडेल खोलीत दिव्याखाली ठेवले की हा फरक उरत नाही. खऱ्या बोल्टची सावली ठळक असते, अर्ध्या मिलिमीटरच्या बोल्टची सावली डोळ्याला जाणवतही नाही. म्हणून ती रंगवावी लागते. मूळ रंगात थोडा पिवळसर किंवा वाळूचा रंग मिसळून तो आडव्या पाट्यांच्या मध्यावर फवारायचा, गडद छटा सांध्यांत आणि खालच्या बाजूला राहू द्यायची.

बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवून कडा उजळायची पद्धत १९७० आणि ८० च्या दशकांत लोकप्रिय केली. २००० नंतर स्पेनमधल्या मॉडेलकारांनी पाटीपाटीनुसार छटा बदलण्याची पद्धत रूढ केली. काहींना ती फार नाटकी वाटते. मला वाटते, भारतीय रणगाड्यासारख्या एकाच रंगाच्या वाहनाला तिची गरज सगळ्यांत जास्त आहे. तीन रंगांच्या छद्मावरणात डोळा रंगांच्या पट्ट्यांवर रमतो. एकरंगी रणगाड्यात आकार दाखवायला छटांशिवाय दुसरे साधन नाही.

यानंतर चमकदार वॉर्निश. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर पाण्याने सुटणारे डेकल लावले तर खाली हवा अडकते आणि डेकल चंदेरी दिसते. चमकदार थरावर ते सपाट बसते. डेकल मऊ करणारे द्रावण लावले की ते बोल्टवर आणि वळीवरही उतरते. सैन्याच्या वाहनाच्या क्रमांकातला वर रोखलेला बाण नेमका उभा बसला आहे ना, हे पाणी सुकायच्या आत पाहावे.

मग वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग. त्यासाठी महागडी बाटली आणायची गरज नाही. कॅमलची बर्न्ट अंबर आणि काळ्या रंगाची तैलरंगाची ट्यूब, चांगले टर्पेंटाइन आणि ० नंबरचा ब्रश एवढे पुरे. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून अर्धा तास ठेवावा. पुठ्ठा जवसाचे तेल शोषून घेतो, म्हणजे रंग पुढे मॅट वाळतो. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेला हा रंग बोल्टच्या मुळाशी, झाकणाच्या फटीत, पेटीच्या कडेला टेकवला की स्वतःच खाचेत पसरतो. आजूबाजूला सांडलेला नंतर कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. वाळलेले अ‍ॅक्रिलिक टर्पेंटाइनला दाद देत नाही, म्हणून हा क्रम: खाली लॅकर किंवा अ‍ॅक्रिलिक, वर तैलरंग. मात्र उघड्या प्लास्टिकवर टर्पेंटाइनची डबकी साचू देऊ नयेत. ताणाखाली असलेला सांधा त्याने ठिसूळ होऊन तडकतो.

खरचटे दाखवताना हात आखडता घ्यावा. स्पंजाच्या तुकड्याने गडद तपकिरी रंग टिपायचा तो जिथे जवानांचे बूट पडतात, जिथे झाकणे उघडतात, जिथे पेट्या घासतात, तिथेच. उघडे पोलाद फक्त पट्ट्यांवर, दातेरी चाकाच्या टोकांवर आणि जिथे चाकाची धाव पट्ट्याला सतत घासते तिथे चकाकते. त्यासाठी ६बी पेन्सिलीचे ग्रॅफाइट बोटाने घासले तरी पुरते. चाकांच्या रबराला मात्र पोलादी चमक देऊ नये. ते धुळकट करडे असते.

शेवटी माती. इथे महाराष्ट्रातल्या माणसाने विशेष जपावे. सह्याद्रीची तांबडी माती किंवा देशावरची काळी माती हाताशी असते म्हणून ती पूना हॉर्सच्या रणगाड्यावर चढवू नये. बसंतर रावीच्या खोऱ्यातली नदी आहे, शकरगढ भागाची माती गाळाची, फिकट करडी-तपकिरी. लढाई डिसेंबरची आणि नदी ओलांडून झालेली. तेव्हा चाकांवर आणि खालच्या धडावर ओला, गडद चिखल हवा, आणि त्यावर वरच्या बाजूने वाळत गेलेली फिकी किनार. बारीक पिगमेंट आणि थोडे प्लास्टर ऑफ पॅरिस यांचा लगदा ताठ ब्रशने आधी चाकांमागे, मग पुढच्या मडगार्डच्या आतून मारावा. टरेटवर तो नको, तिथे फक्त कोरडी धूळ.

पिगमेंट बसल्यावर त्यावर मॅट वॉर्निश मारले तर बरीचशी धूळ गायब होते. म्हणून मॅट थर पिगमेंटच्या आधी द्यावा आणि धूळ नंतर टर्पेंटाइनच्या थेंबांनी बसवावी. ओला चिखल चमकायला हवा असेल तिथे थोडे चमकदार वॉर्निश ब्रशने लावावे. अँटेना अगदी शेवटी. उरलेल्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर फिरवत मऊ करायचा, ज्योतीपासून दूर घ्यायचा आणि सावकाश ताणायचा. केसाएवढी बारीक तार मिळते. तिचे टोक गोंदात बुडवून टरेटवरच्या खोबणीत बसवायचे आणि गोंद धरेपर्यंत चिमट्याने सरळ धरून ठेवायचे.