‘थांबा’ म्हणण्याचा हक्क

मुलांच्या नेमबाजीविषयी बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. उत्तर सोपे आहे. माझे आयुष्य यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसांत गेले. क्षणात इजा करणारे साधन रोज हाताळायचे आणि तरी धडधाकट घरी परतायचे, हा आमचा रोजचा प्रश्न. आठ-दहा वर्षांच्या मुलाला नेमबाजीच्या मैदानावर नेणाऱ्या आईबापांपुढेही हाच प्रश्न असतो.

आज तो पुष्कळ घरांत आला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक पटकावले. अशा वेळी घरातले पोर ‘मलाही शिकायचे’ म्हणाले तर त्यात वावगे काही नाही.

मुलांची सुरुवात बहुधा हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीने किंवा पिस्तुलाने होते. अंतर १० मीटर. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा. रायफलीच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका मात्र अवघा अर्धा मिलिमीटर! म्हणजे ही ताकदीची परीक्षा नव्हे. श्वास, नजर आणि बोट यांना एका क्षणी स्थिर करण्याची ही विद्या आहे. मोठ्यांची स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती मुलाच्या खांद्यावर देऊ नये. हलकी बंदूक घ्यावी, मुलाला टेबलाशी बसवावे, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवावी. जर्मनीत तर बारा वर्षांखालील मुलांच्या हाती एरवी छर्ऱ्याची बंदूक देत नाहीत. ती मुले प्रकाशकिरण सोडणाऱ्या बंदुकीवर शिकतात.

आपल्याकडे बहुतेकांची बंदुकीशी पहिली ओळख जत्रेत, फुगे फोडण्याच्या फळीसमोर होते. तिथे बंदूक भरलेली की रिकामी हे कोणी विचारीत नाही. पोर मागे वळते तशी नळीही वळते आणि सारे हसतात. मैदानावर पहिल्या दिवशी पुसायचे असते ते हेच वळण. बंदूक सदैव भरलेलीच समजावी. नळीचे तोंड लक्ष्याच्याच दिशेला ठेवावे. नेम धरून होईपर्यंत बोट चापावर जाऊ नये. डोळ्यांना संरक्षक चष्मा असावा. समोर माणूस गेला असेल तर बंदुकीला हातच लावू नये. हे नियम मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावरच छर्रा भरावा. पहिल्या दिवशी दहा छर्रे पुरेत. थकलेल्या मुलाची नळी आधी भरकटते, मन मागाहून.

स्पर्धेच्या मैदानावर रिकाम्या रायफलीच्या नळीतून एक भडक नारिंगी दोरी आरपार घातलेली असते. ‘रिकामी आहे हो’ या तोंडी हवाल्यावर कोणी विसंबत नाही. दोरी दिसली तरच रिकामी. कारखान्यात यंत्राची दुरुस्ती चालू असताना मुख्य स्विचला कुलूप घालून पाटी लावतात, त्यातले शहाणपण हेच. सुरक्षितता माणसाच्या भल्या स्वभावावर सोडायची नसते. ती सर्वांना दिसेल अशी मांडून ठेवायची असते.

परंतु नियम मोडतो कोण? पुष्कळदा अनुभवी माणूस. पत्रा कापणाऱ्या प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली यावी, म्हणजे बोटे वाचतात. नगावर मजुरी असलेल्या एका कारखान्यात एक बटण पाचर ठोकून कायमचे दाबून ठेवलेले मी पाहिले आहे. पाचर ठोकणारा नवशिका नव्हता, चांगला वीस वर्षांचा कारागीर होता. शेजारच्या शिकाऊ पोराला धोका दिसत होता. पण वडीलधाऱ्याला बोलायचे कसे, म्हणून तो गप्प होता.

म्हणून मला मैदानावरचा एक संकेत फार मोलाचा वाटतो. धोका दिसला की ‘थांबा’ असे कोणीही म्हणावे आणि सर्वांनी तत्काळ थांबावे. हा हक्क प्रशिक्षकाला आहे तसाच सर्वांत लहान मुलालाही आहे. उद्या तुमची मुलगी म्हणेल, “बाबा, थांबा! नळी इकडे वळली.” त्या क्षणी बंदूक खाली ठेवा. ‘मला शिकवतेस?’ असे म्हणू नका. तसे म्हणालात, तर नियम लहानांसाठी आणि मुभा मोठ्यांसाठी, हाच धडा ती घेईल. आणि पुढे एखाद्या प्रेसशेजारी तीही गप्प राहील.

आणखी दोन गोष्टी. छर्रे बहुधा शिशाचे असतात, आणि शिसे मुलांना मोठ्यांहून अधिक बाधते. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे कामगार हात धुतल्याशिवाय डबा उघडीत नसत. मुलांनीही साबणाने हात धुतल्यावरच खाऊला हात लावावा. दुसरे असे, की घराच्या गच्चीवर सराव नको. भिंतीवर किंवा दगडावर आपटलेला छर्रा उलटून येतो आणि त्याने डोळा जाऊ शकतो. बंदूक कुलपात ठेवावी, छर्रे वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या मोठ्यांपाशी. कोणत्या बंदुकीला परवाना लागतो हे ती विकत घेण्याआधीच विचारून घ्यावे; १९५९ चा शस्त्र अधिनियम घरच्या हौसेलाही लागू आहे.

पदक थोड्यांच्याच गळ्यात पडते. पण बापाच्या हातातली बंदूक आपल्या एका शब्दाने खाली जाते, हे ज्या मुलाने पाहिले, ते पुढे कोणत्याही यंत्राशेजारी आणि कोणत्याही साहेबासमोर तो शब्द उच्चारायला कचरणार नाही.