शून्य खोलीचा मासा

दूरचित्रवाणीवर प्रवाळातले चिमुकले रंगीत मासे पाहताना वाटतं, सगळा समुद्र त्यांना मोकळा आहे. तसं नसतं. प्रत्येक जात आपापली खोली धरून राहते. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, त्याला ऊन लागतं, म्हणून पाणी नितळ हवं. विजयदुर्गसमोर शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. माथा वीसेक मीटर पाण्याखाली, तरी ऊन पोचतं आणि प्रवाळ वाढतं. आमच्या ठाणे खाडीत हातभर खालचंही दिसत नाही. सगळा गाळ!

पण त्या गाळाचाही एक मासा आहे, निवटी. कोळी-आगरी घरांत तिचं कालवण चवीनं खातात. बाकीच्यांनी तिला पाहिलेलंही नसतं.

ओहोटीला इतर मासे पाण्याबरोबर निघून जातात, निवटी उघड्या चिखलावर मागे राहते. डोळे बेडकासारखे डोक्यावर. पुढच्या परांवर रेटत ती सरकते, मध्येच उडी घेते. कल्ल्यांत पाणी साठवते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. कातडी सुकली की संपलं, म्हणून अधूनमधून डबक्यात लोळते. आपल्याकडची मोठी जात डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचा शैवालाचा पातळ थर खरवडून खाते. एखादी बाई अंगण सारवते आहे, असंच वाटतं मला. लहान जाती मात्र शिकारी. त्यांना किडे, बारके खेकडे लागतात.

खरी नवलाई बिळात आहे. जपानमध्ये तिच्या एका भाऊबंदाचा अभ्यास झाला. अंडी बिळाच्या छताला चिकटवलेली असतात. नर तोंडात हवा भरभरून आत नेतो. पिल्लं तयार झाली, की तीच हवा घोटाघोटानं बाहेर काढतो. भरतीचं पाणी आत शिरतं आणि अंडी फुटतात.

भरती-ओहोटीमधली ही पट्टी कागदावर ना जमीन, ना समुद्र. १९७० साली सिडको आली, शहर उभं राहिलं, आणि भरावाला पहिली हीच जागा सापडत गेली. भराव पडल्यावर निवटीनं जायचं कुठं? खोल पाणी तिचं नाही, कोरडी जमीनही नाही.

खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फलकांवर गुलाबी पक्षी असतात. धाकटा रोहित चोचीनं गाळून घेतो तेही सूक्ष्म शैवालच, याच चिखलातलं.